भाडेकरूस हक्कांची माहिती देण्याचे कर्तव्य

घरभाड्याचे नियमन करणाऱ्या कायद्याने भाडेकरूस जे संरक्षण दिलेले असते, त्याची माहिती त्याला लेखी स्वरूपात पुरविण्याचे घरमालकावरील बंधन. हे बंधन सर्वत्र एकाच रूपात आढळत नाही. कोठे ते भाडेवाढीच्या सूचनापत्राच्या विहित नमुन्यातून, कोठे भाडेपुस्तिकेतील छापील मजकुरातून, कोठे भाडेकरारास जोडावयाच्या पुरवणीतून, तर कोठे घर सोडण्याच्या नोटिशीतील सक्तीच्या मजकुरातून व्यक्त झाले आहे. काही ठिकाणी ते कायद्याने मुळी घातलेलेच नाही आणि त्याचे जे परिणाम झाले, त्यांचे उत्तम उदाहरण मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याच्या इतिहासात मिळते.

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे विधिशास्त्रातील जुने तत्त्व होय. व्यवहारातील एका पक्षाने दुसऱ्यास त्याचे कायदेशीर हक्क समजावून सांगावेत, अशी अपेक्षा सामान्य करारविधीत केलेली नसते. भारतातील मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०८ मध्ये पट्टा देणाऱ्यावर माहिती देण्याचे एक बंधन आहे. परंतु ते मालमत्तेतील दोषापुरते मर्यादित आहे. मालकास ठाऊक असलेला व सामान्य दक्षता घेऊनही पट्टेदारास कळू न शकणारा महत्त्वाचा दोष त्याने उघड केला पाहिजे. तुळई कुजली असल्यास मालकाने ते सांगावे, भाडे बेकायदेशीर असल्यास मात्र ते भाडेकरूने स्वतःच जाणून घ्यावे, अशी ही विभागणी आहे. दोन समबल पक्ष मोकळेपणी करार करीत आहेत, असे गृहीत धरल्यास ती तर्कसंगत ठरते. भाडेनियंत्रणाचा कायदा ज्या परिस्थितीत जन्माला येतो, तीत नेमके हेच गृहीत खोटे ठरलेले असते. घरांची टंचाई असते, भाडेकरूस दुसरीकडे जाण्यास जागा नसते आणि कागदपत्रे, वकील व हिशेबाची वही या तिन्ही गोष्टी बहुधा मालकाच्या बाजूस असतात. त्यातच भाडेनियंत्रणाचे हक्क मुदतीने बांधलेले असतात; ठरावीक दिवसांत अर्ज न केल्यास ते बुडतात. ज्याला हक्क आहे हेच ठाऊक नाही, त्याच्या बाबतीत मुदत ही हक्क नाहीसा करण्याची बिनबोभाट रीत ठरते.

या प्रश्नाची जाणीव प्रथम ग्रेट ब्रिटनमध्ये झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीच्या व युद्धसाहित्याच्या कारखान्यांत काम मिळविण्यासाठी ग्लासगो शहरात कामगारांची रीघ लागली आणि घरमालकांनी भाडी वाढविली. १९१५ मध्ये वाढीव भाडे न देण्याची चळवळ गोव्हन व इतर कामगारवस्त्यांतून सुरू झाली. तिचे नेतृत्व मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या गृहिणींनी केले. वसुलीसाठी किंवा जप्तीसाठी अंमलदार येताना दिसला, की घंटा वाजवून इमारतीतील सर्व स्त्रियांना सावध करावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. नोव्हेंबरपर्यंत सुमारे २०,००० भाडेकरू या चळवळीत सामील झाले होते. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी काही भाडेकरूंवरील दाव्यांची सुनावणी असताना कारखान्यांतील कामगारांचा मोठा जमाव न्यायालयावर चालून गेला. ते दावे मागे घेण्यात आले आणि डिसेंबरमध्ये संसदेने भाडेवाढीवर निर्बंध घालणारा अधिनियम संमत केला. ३ ऑगस्ट १९१४ रोजी घराचे जे भाडे असेल, ते ‘प्रमाणभाडे’ मानण्यात आले व त्यापेक्षा अधिक घेतलेली वाढ वसूल करता येणार नाही, असे ठरले.

या पहिल्या अधिनियमाने हक्क दिला. पण तो भाडेकरूपर्यंत कसा पोहोचावा, याची फारशी काळजी घेतली नाही. ग्लासगोत ती उणीव घंटा वाजविणाऱ्या शेजारणींनी भरून काढली होती. जेथे अशी संघटना नव्हती, तेथे ३ ऑगस्ट १९१४ रोजी घराचे भाडे किती होते, हे नव्याने राहावयास आलेल्या भाडेकरूस कळण्याचे साधन नव्हते. ते मालकाच्या वहीत होते.

युद्ध संपल्यावर सॉल्झबरी समितीच्या शिफारशींनंतर संमत झालेल्या १९२० च्या अधिनियमाने ही उणीव दोन मार्गांनी दूर करण्याचा प्रयत्न केला. भाडेकरूने लेखी मागणी केल्यास प्रमाणभाड्याचे लेखी निवेदन देणे मालकावर बंधनकारक झाले. ते सबळ कारणाविना चौदा दिवसांत न दिल्यास किंवा त्यात महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती दिल्यास दहा पौंडांपर्यंत दंड होऊ शके. दुसरा मार्ग अधिक महत्त्वाचा होता. नवा कायदा ठरावीक प्रमाणात भाडेवाढीस परवानगी देत असल्याने मालकास ती वाढ हवी होती. ही वाढ मिळविण्यासाठी मालकाने भाडेकरूस अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील नमुन्याप्रमाणे लेखी सूचना दिली पाहिजे व तीनंतर पूर्ण चार आठवडे लोटले पाहिजेत, अशी अट घालण्यात आली. त्या छापील नमुन्यात वाढीचा तपशील तर होताच. शिवाय घर राहण्यास योग्य नसेल अथवा त्याची पुरेशी दुरुस्ती झालेली नसेल, तर भाडेकरूने आरोग्य प्राधिकाऱ्याकडून दाखला घ्यावा व वाढ तहकूब ठेवण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करावा, असेही भाडेकरूस उद्देशून सांगितलेले होते. दाखल्यासाठी एक शिलिंग शुल्क होते.

या योजनेतील कल्पकता लक्षात घेण्यासारखी आहे. मालकाने सद्भावनेने भाडेकरूस शहाणे करावे, अशी अपेक्षा तीत नाही. ज्या कागदाविना मालकास स्वतःचा लाभ मिळत नाही, त्याच कागदावर त्याच्या मागणीला विरोध कसा करावा, हे छापून ठेवले आहे. माहिती देण्याचे कर्तव्य दंडाच्या धाकापेक्षा अशा रीतीने मालकाच्या स्वतःच्या गरजेस जखडल्यास अधिक पाळले जाते, हा धडा पुढील बहुतेक यशस्वी तरतुदींत दिसून येतो.

कागदाला एवढे महत्त्व दिल्यावर कागदातील उणिवांनाही महत्त्व येणे अटळ होते. ‘केर वि. ब्राइड’ या स्कॉटलंडमधून आलेल्या वादात हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९२२ मध्ये असा निर्णय दिला, की भाडेवाढीपूर्वी मूळ भाडेकरार रीतसर सूचना देऊन संपुष्टात आणलेला नसल्यास नुसती वाढीची सूचना निष्प्रभ ठरते. घर सोडण्याची नोटीस न देता केवळ वाढीचे पत्र पाठविणारे असंख्य मालक त्यामुळे अडचणीत आले आणि वाढीव भाडे रोखून धरणाऱ्या भाडेकरूंच्या हाती अनपेक्षित शस्त्र आले. संसदेस १९२३ मध्ये स्वतंत्र अधिनियम करून अशा सूचना सावरून घ्याव्या लागल्या. भाडेकरूंचा हा विजय तांत्रिक होता, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. ती खरी असली, तरी अपुऱ्या नोटिशीवर घर गमावणाऱ्या भाडेकरूंच्या वाट्यास येणारा पराभवही तितकाच तांत्रिक असतो, याचा टीकाकारांना बहुधा विसर पडतो.

पुढील काळात ब्रिटनमध्ये हे कर्तव्य भाडेपुस्तिकेत स्थिरावले. आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्या कामगार कुटुंबांत भाडे दिल्याची नोंद करावयाची लहान पुस्तिका पूर्वीपासून रूढ होती. दर आठवड्यास ती हाताळली जाई. १९३३ च्या सुधारणा अधिनियमाने भाडेकरूसाठी विहित नमुन्यातील माहिती तीत समाविष्ट करण्याचे बंधन घातले. १९३५ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर घरात किती माणसांनी राहणे अनुज्ञेय आहे, हेही पुस्तिकेत लिहावे लागे. १९६२ च्या अधिनियमाने साप्ताहिक भाडेकरूस पुस्तिका देणेच सक्तीचे केले आणि तीत मालकाचे नाव व पत्ता असलाच पाहिजे, असे ठरविले. मध्यस्थामार्फत भाडे गोळा करून स्वतः पडद्याआड राहणाऱ्या मालकांविरुद्ध या साध्या अटीचा उपयोग मोठा होता. या तरतुदी १९८५ च्या अधिनियमात एकत्रित झाल्या. दरम्यान १९७५ च्या विनियमांनी घर सोडण्याच्या नोटिशीतही काही मजकूर सक्तीचा केला : भाडेकरूने घर सोडले नाही, तरी न्यायालयाच्या आदेशाविना त्यास बाहेर काढता येत नाही आणि सल्ला कोठे मिळेल, हे त्या नोटिशीत सांगणे आवश्यक ठरले. २०१५ पासून इंग्लंडमध्ये नव्या अल्पमुदतीच्या भाडेकरारांत शासनाची छापील मार्गदर्शिका भाडेकरूस दिल्याखेरीज कारण न देता घर रिकामे करून मागण्याची नोटीस बजावता येणार नाही, अशी अट घालण्यात आली. १९२० चीच युक्ती तीत नव्या रूपाने आली होती.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात या कर्तव्याचा विकास निराळ्या दिशेने झाला. दुसऱ्या महायुद्धात संघराज्याच्या किंमतनियंत्रण कार्यालयाने घरांची नोंदणी सक्तीची केली होती. न्यूयॉर्क राज्याने १९८३ च्या कायद्याने नियंत्रित भाड्याच्या घरांची राज्याच्या गृहनिर्माण विभागाकडे नोंदणी करण्याची पद्धत घातली. त्यानुसार १९८४ पासून प्रत्येक घराचे कायदेशीर भाडे नोंदविले जाऊ लागले. भाडेकरूचे हक्क सांगणारी पुरवणी करारास जोडणेही आवश्यक झाले. ती न जोडल्यास ती देईपर्यंत भाडेवाढ घेता येत नाही. करसवलत घेणाऱ्या इमारतींत सवलत केव्हा संपणार, हे प्रत्येक करारात किमान १२ पॉइंटच्या टंकात छापले पाहिजे. तसे न केल्यास सवलत संपली, तरी त्या भाडेकरूचे संरक्षण संपत नाही. टंकाचा आकार कायद्यात लिहावा लागला, यावरून लहान अक्षरांचा उपयोग कशासाठी होत असे, हे उघड आहे.

तथापि सांगणाराच चुकत असेल, तर सांगण्याच्या बंधनाचा उपयोग काय, असा प्रश्न ‘रॉबर्ट्‌स वि. टिशमन स्पायर’ या वादातून पुढे आला. मॅनहॅटनमधील स्टायव्हसंट टाउन व पीटर कूपर व्हिलेज या जोड वसाहतींत अकरा हजारांहून अधिक घरे आहेत. करसवलत चालू असतानाही त्यांतील अनेक घरे अधिक भाड्याची म्हणून नियंत्रणाबाहेर गेल्याचे तेथील भाडेकरूंना सांगण्यात आले होते आणि शासकीय विभागाचा अर्थही तोच होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो अर्थ अमान्य केला. म्हणजे मालक व शासन या दोघांनी दिलेली माहिती चुकीची होती आणि ती तपासून पाहणाऱ्या भाडेकरूंमुळेच हे उजेडात आले.

मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा इंग्लिश कायद्याच्या पाठोपाठ आला आणि त्याच्या मूलभूत संज्ञाही तेथूनच आल्या. शहराची लोकसंख्या १९११ मध्ये ९,७९,४४५ होती, ती १९२१ मध्ये ११,७५,९१४ झाली. महायुद्धकाळात बांधकाम मंदावले होते, गिरण्या जोरात चालत होत्या व बहुसंख्य कामगारांची बिऱ्हाडे चाळीतील एका खोलीत होती. १९१८ च्या मुंबई भाडे (युद्धकालीन निर्बंध) अधिनियमाने १ जानेवारी १९१६ चे भाडे प्रमाणभाडे मानले. तो कायदा पुढे संपुष्टात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीस १९३९ मध्ये व नंतर १९४४ मध्ये पुन्हा अधिनियम करावे लागले. त्यांची जागा घेणारा मुंबई भाडे, हॉटेल व वसतिगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ हा १३ फेब्रुवारी १९४८ रोजी अंमलात आला. तो तात्पुरता म्हणून केला असला, तरी वेळोवेळी मुदतवाढ मिळून अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकला. या अधिनियमाने सामान्यतः १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाणभाडे धरले आणि त्यावर अनुज्ञेय वाढीखेरीज काहीही घेणे बेकायदेशीर ठरविले. पागडी घेणे हा अपराध ठरला. भाडेकरू भाडे देण्यास तयार व राजी असेपर्यंत त्यास काढता येणार नाही, हे कलम १२ चे सूत्र होते.

इतके व्यापक संरक्षण देणाऱ्या या अधिनियमाने ते भाडेकरूस कळविण्याच्या बाबतीत मात्र इंग्लिश कायद्याचा कित्ता गिरविला नाही. याचा परिणाम प्रथम जादा भाड्याच्या परताव्यात दिसतो. प्रमाणभाड्यापेक्षा अधिक दिलेली रक्कम भाडेकरूस परत मिळविता येई किंवा पुढील भाड्यातून वळती करता येई. पण ती दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत. कल्पना करावी, की एका खोलीचे १९४० मधील भाडे २० रु. होते व नवा भाडेकरू महिना ३५ रु. देत आहे. अनुज्ञेय वाढीचा विचार बाजूस ठेवल्यास तो दरमहा १५ रु. जास्त देतो, तीन वर्षांत ५४० रुपये. तीन वर्षांनी त्याला खरी गोष्ट कळली, तर मुदतीत बसणारी रक्कम ९० रुपये होते. उरलेले ४५० रुपये ही त्याच्या अज्ञानाची किंमत. १९४० चे भाडे शोधून काढणे हेही सोपे नव्हते. जुन्या भाडेकरूच्या जपून ठेवलेल्या पावत्या, शेजारच्या तशाच खोलीचे भाडे किंवा महानगरपालिकेच्या करआकारणी पुस्तकातील उतारा, यांवर भिस्त ठेवावी लागे.

याहून गंभीर स्थिती थकबाकीच्या दाव्यात होती. कलम १२ प्रमाणे मालकाने थकबाकीची लेखी नोटीस देऊन एक महिना लोटल्याविना दावा लावता येत नसे. ही तरतूद भाडेकरूच्या संरक्षणासाठी होती. परंतु सहा महिने वा अधिक भाडे थकले असेल, प्रमाणभाड्याबद्दल वाद नसेल व नोटिशीनंतरच्या महिन्यात भाडेकरूने रक्कम दिली नसेल, तर कब्जाचा हुकूमनामा देण्यावाचून न्यायालयास गत्यंतर नसे. यातून सुटण्याचा मार्ग त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात होता : भाडे प्रमाणाबाहेर आहे असे वाटत असल्यास त्याच एका महिन्यात प्रमाणभाडे ठरवून मागण्याचा अर्ज न्यायालयात दाखल करावयाचा. असा अर्ज नंतर, दाव्याच्या कैफियतीतून उपस्थित केलेल्या हरकतीने भरून काढता येईल काय, हा प्रश्न वारंवार न्यायालयांपुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने ‘शाह धनसुखलाल छगनलाल वि. दलीचंद वीरचंद श्रॉफ’ (१९६८) व ‘हरबन्सलाल जगमोहनदास वि. प्रभुदास शिवलाल’ (१९७६) या वादांत त्याचे उत्तर नकारार्थी दिले. वाद त्या महिन्यातच उपस्थित केला पाहिजे, असा अर्थ पक्का झाला.

म्हणजे भाडेकरूच्या घराचे भवितव्य नोटीस हाती पडल्यापासूनच्या तीस दिवसांत तो काय करतो, यावर ठरू लागले. त्या नोटिशीत मात्र या अर्जाचा उल्लेख करणे मालकावर बंधनकारक नव्हते. १९२० च्या इंग्लिश नमुन्यात भाडेकरूने कोणाकडे जावे, दाखल्यास किती शुल्क पडेल, हे सर्व छापलेले होते. मुंबईच्या नोटिशीत थकबाकीची रक्कम व मुदत एवढेच पुरे होत असे. अनेकदा ही नोटीस वकिलामार्फत इंग्रजीत येई. ती कारखान्यातील एखाद्या कारकुनाकडून किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावयाची, मग ओळखीच्या वकिलाकडे जावयाचे, तोवर महिन्यातील बरेच दिवस सरलेले असत. न्यायालयांचा अर्थ कायद्याच्या शब्दांस धरून होता, हे मान्य केले पाहिजे. दोष शब्दयोजनेत होता : मुदत कडक ठेवताना तिची माहिती देणारी एक ओळ नोटिशीत घालण्याची अट विधिमंडळाने घातली असती, तर त्या कडकपणाबद्दल कोणाची तक्रार राहिली नसती.

माहितीची ही जागा मुंबईत काही अंशी भाडेपावतीने घेतली. कलम २६ प्रमाणे भाड्याची लेखी पावती देणे मालकावर सक्तीचे होते व न देणे हा अपराध होता. पावतीवर भाडेकरूचे नाव, खोली, महिना व रक्कम असे. तीत हक्कांचा गोषवारा नसे. तरीही त्या चिठोऱ्यास शिधापत्रिकेइतके जपले जाई, कारण आपण भाडेकरू आहोत याचा तोच पुरावा असे. मालकास एखाद्या बिऱ्हाडकरूस काढावयाचे असले, की मेहता पावती देणे थांबवी. अशा वेळी भाडे मनीऑर्डरने पाठवावे, ती परत आल्यास नकाराचा शेरा जपून ठेवावा, हे ज्ञान एका चाळीतून दुसऱ्या चाळीत तोंडोतोंडी पसरले. भाडेकरू संघ, कामगार संघटनांचे कार्यकर्ते व धोबीतलाव येथील लघुवाद न्यायालयाच्या आवारातील वकील ही या ज्ञानाची केंद्रे होती. कलम २७ ने भाडे केवळ इंग्रजी कालगणनेनुसारच आकारावे, असे ठरविले होते. देशी पंचांगाप्रमाणे भाडे घेतल्यास अधिक मासाचे तेरावे भाडे द्यावे लागते. त्यामुळे ही किरकोळ दिसणारी तरतूद सामान्य भाडेकरूच्या चटकन लक्षात येई. एकूण अधिनियमात तिच्याइतके सुबोध कलम क्वचितच असेल.

कागद भाडेकरूस माहिती देऊ शकतो, तसा दिशाभूलही करू शकतो. भाडेकरूचे संरक्षण टाळण्यासाठी मुंबईत ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणजे अनुमती व परवाना या नावाचे करार मोठ्या प्रमाणावर रूढ झाले. जागेचा प्रत्यक्ष ताबा, कुलूप-किल्ली व दरमहा रक्कम हे सर्व भाड्यासारखेच. कागदावर मात्र आपण भाडेकरू नाही, असे राहणारा स्वतःच्या सहीनिशी कबूल करी. कराराचे नाव काय आहे यापेक्षा त्याचे खरे स्वरूप काय आहे, हे पाहिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘असोसिएटेड हॉटेल्स वि. आर. एन. कपूर’ (१९५९) या वादात सांगितले होते. परंतु सही करणाऱ्यास हे कोण सांगणार? अखेरीस १९७३ मध्ये विधिमंडळाने कलम १५अ घालून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. एका रात्रीत हजारो लोकांच्या हातातील कागदाचा अर्थ बदलला.

नोटिशीच्या औपचारिकतेविषयी भारतीय न्यायालयांचा कल ‘केर वि. ब्राइड’च्या नेमका उलट दिशेने गेला. ‘व्ही. धनपाल चेट्टियार वि. येसोदाई अम्मल’ (१९७९) या वादात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने राज्यांच्या भाडेनियंत्रण कायद्यांखाली निष्कासनासाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार भाडेपट्टा संपविण्याची नोटीस देण्याची गरज नाही, असे ठरविले. अशी नोटीस पोकळ उपचार झाली होती, हे खरे. पण मालकाकडून भाडेकरूकडे जाणारा एक कागद त्यामुळे कमी झाला आणि त्याच्या जागी अधिक उपयुक्त कागद आला नाही. दिल्लीच्या कायद्यात १९७६ मध्ये घातलेल्या तरतुदीने निराळा मार्ग धरला. तेथे स्वतःच्या राहण्यासाठी जागा मागणाऱ्या मालकाच्या अर्जावर निघणाऱ्या समन्सचा नमुना अनुसूचीत दिला असून पंधरा दिवसांत हजर राहून विरोध करण्याची परवानगी मिळवावी, हे त्या समन्समध्येच सांगितलेले असते. माहिती देण्याचा भार येथे मालकाकडून न्यायाधिकाऱ्याकडे गेला.

१९९७ मध्ये ‘मालपे विश्वनाथ आचार्य वि. महाराष्ट्र राज्य’ या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९४० च्या पातळीवर गोठलेले प्रमाणभाडे काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी झाल्याचे मत दिले. तोपर्यंत चित्र बरेच पालटले होते. जुने भाडेकरू आपल्या हक्कांबाबत पूर्ण सावध होते. कित्येकदा मालकच हतबल झालेला असे व दुरुस्तीअभावी इमारती खचत होत्या. अज्ञान नाहीसे झाले नव्हते, ते संरक्षित भाडेकरूंकडून नव्या परवानाधारकांकडे सरकले होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० रोजी अंमलात आला. त्याने थकबाकीच्या नोटिशीची मुदत एक महिन्यावरून नव्वद दिवसांवर नेली. शिवाय दाव्याचे समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी पंधरा टक्के सरळव्याजासह व खर्चासह न्यायालयात भरल्यास कब्जाचा हुकूम होत नाही, अशी सोय केली. नोटिशीत हक्क सांगण्याची अट याही कायद्यात नाही. परंतु समन्स हा न्यायालयाचा कागद असल्याने तो हाती आल्यावर बहुतेक माणसे वकिलाकडे जातात आणि तेव्हाही वेळ गेलेली नसते. जुन्या स्पष्टीकरणाने घडविलेल्या अन्यायाचा मोठा भाग यामुळे टळला. कलम ५५ मधील तरतूद याहून लक्षणीय आहे. भाड्याचा अथवा परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे व नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तसा करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तसेच उल्लंघनाबद्दल तीन महिन्यांपर्यंत कारावास अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मालकाच्या मौनाचा तोटा मालकासच व्हावा, हे १९२० चे तत्त्व येथे मुंबईच्या कायद्यात प्रथमच ठळकपणे आले. मात्र याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार निवासी परवान्याचा लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. मुदत संपताच जागा सोडावी लागते, न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. कागद नसेल तर राहणाऱ्याचा शब्द चालतो, कागद असेल तर त्यापुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी तो कळणे येथे सर्वांत महत्त्वाचे ठरते आणि त्यासंबंधी अधिनियम काही सांगत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मान्य केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात कराराची माहिती दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणास कळविण्याची, प्रत्येक करारास ओळखक्रमांक देण्याची व त्यासाठी स्थानिक भाषेत संगणकीय व्यवस्था उभारण्याची योजना आहे. इंग्रजी नोटीस दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांच्या दृष्टीने भाषेविषयीची ही तरतूद मोलाची आहे. हा नमुना राज्यांनी स्वीकारल्यावरच लागू होतो आणि पूर्वीपासून चालत आलेल्या भाडेकरारांना तो लागू करण्याचा उद्देश नाही. जुन्या चाळींतील भाडेकरूच्या पेटीत जपून ठेवलेल्या पावत्यांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.